चारमिनारच्या कमानीतला ऐन

हैदराबाद संस्थानचा चांदीचा रुपया ज्यांनी कधी हातात घेऊन पाहिला असेल, त्यांना त्यावरचा चारमिनार नक्की आठवत असेल. चार मिनार, मध्ये मोठी कमान आणि भोवती फारसी लिपीत निजामाचे किताब. त्या कमानीत नीट पाहिले तर एक अक्षर दिसते. सहावा निजाम मीर महबूब अली खान याच्या नाण्यांवर तिथे 'मीम' आहे, म्हणजे महबूबमधला म. सातवा निजाम मीर उस्मान अली खान याच्या नाण्यांवर 'ऐन' आहे, कारण उर्दूत उस्मान हे नाव ऐन या अक्षराने सुरू होते. इथवर सगळे सरळ आहे. गंमत पुढेच आहे. उस्मान अली १९११ च्या ऑगस्टमध्ये गादीवर आला. त्याच्या अगदी पहिल्या, म्हणजे हिजरी १३२९ आणि १३३० या सालांच्या काही नाण्यांवर हा ऐन अर्धवट दिसतो. कमानीच्या चौकटीत जणू अक्षराचा नुसता माथा डोकावतो आहे. पुढच्या नाण्यांवर मात्र ऐन पूर्ण, शेपटीसकट.

आता मला सांगा, ही चूक की बदल?

चारमिनारच्या आसपास पदपथावर जुनी नाणी, घड्याळे, किल्ल्या, कुलुपे मांडून बसलेल्या एका विक्रेत्याने मला असेच एक नाणे दाखवले होते. "मिसप्रिंट है साब, डबल डाय," तो म्हणाला. किंमतही त्याच तोऱ्यात सांगितली. नाणे खरे होते, त्याविषयी माझी तक्रार नाही. पण ते ना मिसप्रिंट होते, ना डबल डाय. तो रचनेतला फरक होता. टाकसाळीत कुणीतरी विचार करून आधी अर्धे अक्षर कोरले, नंतर कुणीतरी विचार करून पूर्ण कोरले. दोन्ही वेळा हात शुद्धीवर होता.

नाणी जमवणाऱ्यांच्या जगात 'डबल डाय' हा शब्द अलीकडे फारच स्वस्त झाला आहे. म्हणून आज त्याविषयी थोडे लिहितो. विषय तांत्रिक वाटला तरी घाबरू नका, मी स्वतः कला शाखेचा पदवीधर आहे आणि पोट भरण्यासाठी सरकारी कार्यालयात कारकुनी करतो. खरे तर ही कारकुनीच इथे कामाला येते. आमच्या टेबलावर दिवसभर रबरी शिक्के मारले जातात. घाईत शिक्का मारताना हात किंचित हलला की कागदावर अक्षरांची सावली उमटते. पुढच्या कागदावर ती नसते किंवा वेगळ्या दिशेला असते. पण समजा, शिक्का बनवणाऱ्यानेच रबरावर अक्षरे दोनदा, थोडी सरकवून उमटवली असतील तर? मग तो शिक्का कितीही सावकाश मारा, कुणीही मारा, प्रत्येक कागदावर तीच सावली, त्याच जागी, तेवढीच येणार. पहिला दोष हाताचा, दुसरा शिक्क्याचा. डबल डाय म्हणजे हा दुसरा प्रकार. बाजारात त्या नावाने जे विकले जाते ते बहुतेक पहिल्या प्रकारातले असते आणि उरलेले तर दोष नसतोच, साधा रचनेतला बदल असतो.

नाण्याचा ठसा कसा तयार होतो हे थोडक्यात पाहू. चित्रकार आधी नाण्याची मोठी प्रतिकृती करतो. तिच्यावरून यंत्राने लहान आकाराचा, उठावाचा मूळ ठसा कोरला जातो. उठावाचा म्हणजे नाण्यावर जशी अक्षरे वर आलेली असतात तसाच. हा उठावाचा ठसा मऊ केलेल्या पोलादावर प्रचंड दाबाने दाबला की खोलगट ठसा मिळतो. तीच डाय. पुढे ती कडक करतात आणि यंत्रात बसवून चकत्यांवर दाबतात. जुन्या पद्धतीत एका दाबात पुरेशी खोली येत नसे, कारण दाबाखाली पोलाद कडक होत जाते. मग ते पुन्हा तापवून मऊ करायचे आणि तोच उठाव-ठसा दुसऱ्यांदा दाबायचा. हा दुसरा दाब पहिल्याशी तंतोतंत जुळला नाही, ठसा केसभर फिरला किंवा सरकला, तर डायमध्येच अक्षरे दुहेरी कोरली जातात. ती नजरचुकीने यंत्रावर चढली की तिच्यातून पडणारे प्रत्येक नाणे दुहेरी.

याचे जगातले सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे अमेरिकेचा १९५५ चा एक सेंट. फिलाडेल्फियाच्या टाकसाळीत एका डायवर साल आणि अक्षरे इतकी स्पष्ट दुहेरी उमटली होती की भिंगाची गरजच नाही. दोष लक्षात आला तोवर वीस-चोवीस हजार नाणी चांगल्या नाण्यांच्या ढिगात मिसळून गेली होती. ढीग वितळवण्यापेक्षा ती तशीच जाऊ दिली गेली. त्यांपैकी बरीचशी म्हणे सिगारेटच्या पाकिटांतून लोकांच्या हाती पडली. तेव्हा यंत्रात पंचवीस सेंटचे नाणे टाकले की तेवीस सेंटचे पाकीट येई आणि उरलेले दोन सेंट पाकिटाच्या वेष्टनात घातलेले असत. आज ते नाणे चांगल्या अवस्थेत असेल तर हजार डॉलरच्या वर जाते. भारतातल्या बाजारात 'डबल डाय' या शब्दाला जो भाव आला, तो या सेंटच्या कीर्तीमुळे आला. नाव तिकडचे, नाणी इकडची, आणि मधला तपास कुणीच केलेला नाही, असा सारा प्रकार आहे.

तपास फार अवघड नाही. दहापट मोठे दाखवणारे सोनाराचे भिंग आणि बाजूने येणारा उजेड, एवढे पुरे. खऱ्या डबल डायमध्ये दोन्ही प्रतिमा उठावाच्या असतात, दोन्हींचे माथे गोलसर आणि भरीव. अक्षर नेहमीपेक्षा जाड दिसते. अक्षराच्या टोकाशी, जिथे रेघ संपते तिथे, खाच पडलेली दिसते, जणू टोक दुभंगले आहे. ही खाच मला सगळ्यांत विश्वासू खूण वाटते. याउलट यंत्रात डाय सैल बसली असेल, तर नाणे पाडून झाल्यावर डाय उचलली जाताना ती किंचित घसरते आणि ताज्या अक्षराची कड चेपते. त्यामुळे अक्षराच्या एका बाजूला सपाट, चकचकीत पायरी तयार होते. ती पायरी बुटकी असते, जमिनीलगत. आणि मुख्य म्हणजे अक्षर जाड होत नाही, उलट त्याचाच भाग चेपून पायरी झालेली असल्यामुळे माथा बारीक होतो. हे एकदा डोळ्यांत बसले की दहातले नऊ 'डबल डाय' जागच्या जागी गळून पडतात.

तिसरा एक प्रकार नवशिक्यांना फार चकवतो, तो झिजलेल्या डायचा. एका डायखाली लाखो चकत्या जातात. अक्षरांच्या कडांशी धातू वाहतो, त्याने डायच्या कडा झिजतात आणि नाण्यावरची अक्षरे सुजल्यासारखी दिसू लागतात. पार्श्वभूमीवर संत्र्याच्या सालीसारखा खरबरीतपणा येतो. आपल्याकडे १९८८ नंतर पैशांची लहान नाणी आणि १९९२ पासून रुपयाही स्टेनलेस स्टीलचा झाला. पोलाद पाडायचे म्हणजे डायची दमछाक जास्त. त्यामुळे त्या काळच्या नाण्यांत सुजलेली अक्षरे रग्गड सापडतात. त्यांच्यावर भलत्या किमती लावणारेही रग्गड.

एक कसोटी या सगळ्यांच्या वरची आहे. डबल डाय हा डायचा दोष असल्यामुळे त्याला भावंडे असलीच पाहिजेत. त्याच सालाचे, त्याच टाकसाळीचे, अगदी तीच खाच त्याच अक्षरावर असलेले दुसरे नाणे जर कुणाकडेच नसेल, तर सावध व्हावे. "जगात एकच आहे" असे जो विक्रेता सांगतो, तो स्वतःच्याच तोंडाने ते डबल डाय नसल्याची साक्ष देत असतो. अमेरिकेच्या टाकसाळीने १९९० च्या दशकाच्या अखेरीस एकाच दाबात डाय करायची पद्धत आणली, तरीही बारीक दुहेरीपणा तिथे अधूनमधून सापडतो. मात्र तिथले संग्राहक एकेका डायचे वर्णन नोंदवून ठेवतात, म्हणून कुणी उठून काहीही म्हणू शकत नाही.

आता पुन्हा हैदराबादेकडे वळतो, कारण रचनेतले फरक वाचायला शिकायचे तर यापेक्षा चांगली शाळा नाही.

ही टाकसाळ १८०३ ची. तिसरा निजाम सिकंदर जाह याच्या काळात सुलतानशाही भागात ती सुरू झाली. सहाव्या निजामाने १९०३ मध्ये ती सैफाबादला आणली, १९५० मध्ये भारत सरकारने ती ताब्यात घेतली आणि १९९७ मध्ये ती चेर्लापल्लीला गेली. सैफाबादच्या जुन्या इमारतीत २०२२ साली संग्रहालय उघडले. हैदराबादला गेलात तर गोवळकोंडा आणि बिर्याणीच्या मधे एक तास त्यासाठी काढून ठेवा.

सुलतानशाहीच्या काळातली नाणी हातोडीने पाडलेली. डाय हाताने कोरलेली, त्यामुळे प्रत्येक डाय वेगळी. तिथे 'फरक' हा शब्दच निरर्थक होतो, कारण प्रमाण असे काही नव्हतेच. शिवरायांची शिवराई पाहा. 'छत्रपति' हा एकच शब्द तिच्यावर ऱ्हस्व-दीर्घाच्या आणि अक्षरांच्या किती तऱ्हांनी येतो! त्यातल्या प्रत्येकीला चूक ठरवून विकायला बसले तर शिवराईच्या ढिगात शुद्ध नाणे औषधालाही मिळायचे नाही. हातोडीच्या नाण्यांत दुहेरी प्रतिमाही सर्रास दिसते, पण ती दोन घावांमध्ये चकती हलल्याची. तिला दुहेरी ठोका म्हणावे. डबल डाय हा प्रकार यंत्राने डाय दाबू लागल्यानंतरचा आहे, त्याआधीच्या नाण्याला तो शब्द लावणे म्हणजे पेशव्यांच्या दफ्तरात टायपिंगची चूक शोधणे!

हैदराबादच्या नाण्यांवर १८५७ पर्यंत दिल्लीच्या बादशहाचे नाव असे. निजाम आपले अस्तित्व एका अक्षरापुरते दाखवी, नासिर-उद-दौलाचा 'नून' हे त्याचे उदाहरण. बहादूरशहा जफर पदच्युत झाल्यावर बादशहाचे नाव गेले आणि आसफजाह हे नाव आले. म्हणजे कमानीतला तो मीम किंवा ऐन हा त्या जुन्या एका अक्षराचा वारस आहे. राज्य मोठे झाले, यंत्रे आली, चारमिनार आला, पण धनी एका अक्षरात सांगायची रीत टिकली. मग उस्मान अलीच्या पहिल्या नाण्यांवर ऐन अर्धा का होता आणि लगेच पूर्ण का झाला, याचे कुतूहल वाटणे स्वाभाविक आहे. पण असे कुतूहल ज्या क्षणी 'मिसप्रिंट' म्हणून विकले जाते त्या क्षणी मरते, हे माझे दुखणे आहे. तो विक्रेता अर्ध्या ऐनाची किंमत सांगत होता, पण ते अक्षर कोणाचे हे त्याला माहीत नव्हते.

या रुपयावर आणखी एक गोष्ट लोकांना फसवते. किताबांबरोबर ९२ हा आकडा दिसतो. तो साल समजून '१८९२ चे नाणे' असे सांगणारे भेटतात. प्रत्यक्षात ती 'मुहम्मद' या नावाची अब्जद संख्या आहे: मीमचे ४०, हेचे ८, पुन्हा मीमचे ४० आणि दालचे ४. खरे साल हिजरीत असते आणि दुसऱ्या बाजूला जुलूस, म्हणजे राज्यारोहणाचे वर्ष असते. गादीवर बसण्याचा दिवस आणि हिजरी वर्षाचा पहिला दिवस एक नसतो. त्यामुळे एकाच हिजरी सालाच्या नाण्यांवर दोन वेगवेगळी जुलूस वर्षे येऊ शकतात. ही चूक नव्हे, हा नुसता पंचांगाचा हिशेब आहे.

मराठवाड्यातल्या वाचकांना हे नाणे आजोबांच्या बोलण्यातून ओळखीचे असेल. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत व्यवहार हाली सिक्क्यात चाले, आणि इंग्रजी रुपयाला 'कलदार' म्हणत. कळीने, म्हणजे यंत्राने पाडलेला तो कलदार. शंभर कलदारांना साधारण ११६-११७ हाली पडत. हा भाव आला कुठून? इंग्रजी रुपया ११.६६ ग्रॅम वजनाचा आणि त्यात शेकडा ९१.७ चांदी. हाली रुपया ११.१८ ग्रॅमचा आणि त्यात शेकडा ८१.८ चांदी. गुणाकार करून पाहा, शुद्ध चांदीचे प्रमाण बरोबर १०० ला ११७ च्या घरात येते. पुढे १९५० मध्ये सरकारनेही सहा भारतीय रुपयांना सात हाली असाच दर धरला आणि १९५९ पर्यंत हाली चालू राहिला. सराफाला कमानीतला ऐन अर्धा की पूर्ण याच्याशी देणेघेणे नव्हते. तो नाणे वाजवून घेई, तोलून घेई आणि बट्टा लावी. आमच्या गोव्यातही पोर्तुगीज अमदानीत १८८१ पासून लुईस राजाचे चित्र असलेला रुपया कलकत्त्याच्या इंग्रजी टाकसाळीत पाडून घेतला गेला. त्याचे वजन आणि कस इंग्रजी रुपयाशी जुळवलेले होते. मुखवटा लिस्बनचा, चांदीचा हिशेब कलकत्त्याचा. असो, गोव्याच्या नाण्यांवर वेगळे लिहीन.

इंग्रजी नाण्यांतही मुद्दाम केलेले फरक पुष्कळ आहेत आणि त्यांच्या मागे प्रत्येक वेळी कुणाचा तरी निर्णय आहे. व्हिक्टोरिया राणीच्या १८६२ च्या रुपयावर तेच साल १८७४ पर्यंत छापले गेले. मुंबईच्या टाकसाळीने मागच्या बाजूला बारीक टिंबे घातली, ती प्रत्यक्ष वर्ष दाखवण्यासाठी असावीत असे जाणकार मानतात. टिंबे मोजता आली तर १८६२ चा रुपया आपले खरे वय सांगतो. पंचम जॉर्जच्या १९११ च्या रुपयाची कथा तर प्रसिद्धच आहे. राजाच्या झग्यावरच्या साखळीतला हत्ती इतका बारीक कोरला गेला की लोकांना तो डुक्कर वाटला. ओरड झाली, आणि १९१२ च्या नाण्यांवर हत्तीची सोंड आणि कान नीट कोरून दिले गेले. 'डुकराचा रुपया' महाग आहे, पण तो दोषामुळे नाही. डायमध्ये काहीच बिघडले नव्हते. बिघडले होते ते बघणाऱ्या आणि कोरणाऱ्या डोळ्यांमधले अंतर.

स्वातंत्र्यानंतर हैदराबादच्या नाण्यांची ओळख म्हणजे सालाखालचा पाच टोकांचा तारा. मुंबईचा हिरा, नोएडाचे टिंब, कोलकात्याला काहीच खूण नाही. त्याआधीच्या काळात मधून चिरलेला हिरा आणि हिऱ्यातले टिंब अशा खुणाही हैदराबादच्या म्हणून ओळखल्या जातात. शिवाय कोरियात पाडून आणलेल्या काही भारतीय नाण्यांवरही तारा आहे, मात्र तो सालाच्या पहिल्या किंवा शेवटच्या अंकाखाली. हैदराबादचा तारा मध्यावर. तारा फार लहान असतो, त्याची टोके पहिल्यांदा झिजतात आणि मग तो गोलसर ठिपका बनतो. अशी नाणी 'नोएडाचे दुर्मीळ टिंब' म्हणून विकली जाताना मी पाहिली आहेत. टिंबाच्या कडेला भिंगाखाली एखादे टोक शिल्लक असतेच, फक्त कुणी पाहत नाही. एकाच सालात दोन रचना येणे हेही असेच. २०११ चा एक रुपया घ्या. नृत्यमुद्रेचा हात असलेलाही आहे आणि नवे रुपयाचे चिन्ह असलेलाही आहे, कारण त्याच वर्षी मालिका बदलली. दोन्ही साधे, दोन्ही एकाच किमतीचे: एक रुपया.

फरक आणि दोष यांची ही गल्लत नुसत्या हौशी लोकांपुरती राहिली असती तर मी एवढे पाल्हाळ लावले नसते. पण तिच्यात सामान्य माणसाचा पैसा जातो. जुने नाणे लाखाला विका अशा जाहिराती मोबाइलवर रोज येतात. वैष्णोदेवी मंदिर मंडळाच्या रौप्यमहोत्सवाचे २०१२ चे पाच आणि दहा रुपयांचे नाणे हा त्यांचा लाडका माल. आधी 'तुमचे नाणे पास झाले' म्हणायचे, मग नोंदणी, कर, कमिशन अशा नावांनी विक्रेत्याकडूनच पैसे काढायचे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर पत्रक काढून सांगितले की अशा व्यवहारांशी बँकेचा संबंध नाही, तिच्या नावाने कुणी शुल्क मागितले तर देऊ नये. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त शिपायाने तरीही नोंदणी शुल्क म्हणून साडेतीन हजार भरले. त्याच्याकडे होते ते तारेवाले, सुजलेल्या अक्षरांचे पन्नास पैसे.

उलट्या बाजूची गल्लत मला अधिक त्रास देते. तिथे चांगले नाणे खोटे ठरते. अमेरिकेच्या १९६९ च्या सॅन फ्रान्सिस्को टाकसाळीच्या सेंटमध्ये खरा डबल डाय निघाला होता. पण त्याच सुमारास काही लोकांनी दुहेरी अक्षरांचे बनावट सेंट केले होते, त्यामुळे तिथल्या सरकारी यंत्रणेने खरी नाणीसुद्धा बनावट समजून जप्त केली आणि त्यांतली काही नष्ट केली. ती खरी होती हे नंतर कळले.

आपल्याकडे हेच दहा रुपयांच्या नाण्याचे झाले, आणि ते तर डबल डाय नव्हतेच. दोन धातूंचे दहा रुपये २००५ सालापासूनचे, पण व्यवहारात आले २००९ मध्ये. आधीच्या एका रचनेत पंधरा किरण आणि आकड्यासोबत चिन्ह नाही. जुलै २०१० मध्ये रुपयाचे चिन्ह ठरले आणि २०११ पासूनच्या रचनेत दहा किरण आणि चिन्ह आले. झाले, कुणीतरी अफवा उठवली की पंधरा किरणांचे नाणे खोटे. देशाच्या अनेक भागांत लोकांनी ती उचलली आणि हैदराबादेत तर अशी पक्की बसली की कित्येक वर्षे हे नाणे कुणी हातात धरेना. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१६ मध्ये खुलासा केला, जानेवारी २०१८ मध्ये पुन्हा केला. तोवर निघालेल्या चौदा रचना होत्या आणि चौदाही कायदेशीर. चौकशीसाठी १४४४० हा टोल-फ्री क्रमांकही दिला. ज्या शहरात देशाची टाकसाळ आहे त्या शहरात टाकसाळीचे नाणे चालत नाही, हा विनोद नुसता ऐकायला बरा. भाजीवालीच्या पिशवीत तीस नाणी अडकून पडतात तेव्हा तिचे तीनशे रुपये अडकतात, आणि बँकेत जाऊन ती बदलून घ्यायला तिला अर्धा दिवस दुकान बंद ठेवावे लागते.

मी सैफाबादहून नामपल्ली स्थानकाकडे जाताना रिक्षावाल्याला दोन दहाची नाणी दिली, एक पंधरा किरणांचे आणि एक दहाचे. त्याने दहा किरणांचे ठेवले आणि दुसरे परत केले. "ये नक्को साब, ये नकली है." (दख्खनीतला हा 'नक्को' आपल्याच 'नको'चा भाऊ, त्यामुळे नकार मात्र अगदी घरच्यासारखा वाटला.) मी त्याला खिशातले भिंग दिले आणि किरण मोजून दाखवले. रचना का बदलली तेही सांगितले, सालही दाखवले. त्याने सगळे लक्ष देऊन ऐकले, भिंग उलटसुलट करून पाहिले, त्यातून स्वतःच्या बोटांचे ठसेही पाहिले. मग म्हणाला, "आपकी बात सही है साब, लेकिन आगे मेरेसे कौन लेता?" आणि दहाची नोट मागून घेतली.